लोधिवलीची लाथ

"डॉक्टरला माझ्या अंगात खोट सापडली, तर मी मिशा उतरवून देईन," असं पोपटनं कर्जत स्टेशनच्या बुकिंग ऑफिसात जाहीर केलं. मिशा अजून धड फुटायच्या होत्या, हा भाग वेगळा. पण माणूस मॅट्रिक पास, तालमीत घुमलेला, छातीनं भरलेला. सन त्रेचाळीसची दिवाळी नुकतीच झाली होती, लढाई रंगात होती आणि सरकारला विमान चालवायला पोरं हवी होती. पोपटची मुलाखत झाली, इंग्रजी बोलून झालं. आता मुंबईला शरीराची तपासणी तेवढी उरली होती, ती येत्या सोमवारी.

विमानाचं वेड त्याला आजचं नव्हतं. मुंबईहून पुण्याकडे जाणारं विमान कर्जतच्या माथ्यावरून येई आणि पळसदरीच्या पुढं घाट ओलांडायला नाक वर करी. तेवढ्या वेळात बुकिंग क्लार्क पोपटच्या खिडकीवर कोणी कल्याणचं तिकीट मागितलं, तर त्याला खोपोलीचं मिळे. आवाज डोंगरापलीकडे विरला की पोपट भानावर येई. मग त्याला दिवसभर काहीतरी हरवल्यासारखं वाटे.

त्याच्या आईला, बायजाबाईला, मात्र विमान म्हटलं की धडकी भरे. कारण पोपट पायाळू होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पायाकडून जन्मलेलं पोर म्हणजे पायाळू. त्याच्या पायात गुण असतो. कोणाच्या कमरेत उसण भरली, लचक आली, की पायाळूनं दुखऱ्या जागी तीनदा पाय टेकवायचा. नुसता टेकवायचा, जोर द्यायचा नाही. गाव त्याला लाथ म्हणतं, ते कौतुकानं. मग दुखणेकऱ्यानं सरळ उठून चालू लागायचं, आभार मानायचे नाहीत आणि मागं वळून बघायचं नाही. बघितलं की उसण परत. हा झाला फायदा. तोटा असा, की वीज पायाळूला शोधत येते म्हणतात. ढग गडगडला की बायजाबाई या दांडगोबाला अजूनही ओढत घरात न्यायची आणि माजघरात बसवायची.

"जमिनीवर हायेस तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो," ती म्हणे. "आन् तू इजेच्या घरातच ऱ्हायला चाललास व्हय रं?"

"आये, आभाळाचा माझ्यावर डोळा हाय ना? मग एकदा वर जाऊन विचारूनच येतो, काय काम हाय म्हणून."

हे तो हसत म्हणे. पण त्यातलं निम्मं खरं होतं, आणि त्या निम्म्याचं नाव सुंदरा.

लोधिवलीच्या भिवाजींची ही मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिच्याशी पोपटचं ठरलंच होतं. बोलणी होऊन पानसुपारी फिरत होती, तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "आमची सुंदरा पायाळू हाय. पोरगा बी पायाळूच ना?" सुपारी जिथल्या तिथं थांबली. एका छपराखाली दोन पायाळू! म्हणजे विजेला आमंत्रण देऊन वर पाट मांडून ठेवायचा. भिवाजींनी हात जोडले, बायजाबाईनं गाडी जुंपायला सांगितली. निघता निघता पोपट विहिरीवर पाणी प्यायला गेला, तर तिथं सुंदरा उभी होती. तिनं हळूच विचारलं, "तुमाला पन लोक भरल्या ताटावरून उठवत्यात का वो, पाय लावायला?"

पोपटला या जगात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तो "व्हय" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. तेव्हापासून तो वर बघायला लागला तो लागलाच. जमिनीवरचं एक माणूस आभाळामुळं मिळत नसेल, तर निदान आभाळ तरी मिळावं, असा त्याचा साधा हिशेब होता.

तर, पोपट चालला ही बातमी गावात फुटली आणि घात झाला.

कापणी नुकतीच उरकली होती. दहिवलीपासून पळसदरीपर्यंत एकही पाठ धड नव्हती. गुरुवारी पोपट कामावरून घरी येतो तर अंगणात ही गर्दी. आता पायाळू विमानात बसून जाणार, परत कधी येईल नेम नाही, तेव्हा आताच लाथ घेतलेली बरी, असा विचार एकाच वेळी सगळ्यांना सुचला होता. ज्यांचं दुखत होतं ते आले. ज्यांचं दुखत नव्हतं तेही आले.

"मला आज काय व्हत नाय," एक म्हातारा वाकून म्हणाला, "पन लावनीला कंबर धरनार. तवा तू आभाळात. आताच टेकवून ठेव."

एका बाईनं मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाचा सदराच आणला होता. तो तिनं अंगणात पसरला, पाठीची बाजू वर करून. पोपटनं सदऱ्यालाही तीनदा पाय लावला. बाईनं सदरा घडी घालून उचलला आणि मागं न बघता निघून गेली.

उजव्या पायावर उभं राहायचं, डावा उचलायचा, टेकवायचा. असं दिवेलागणीपर्यंत चाललं. शेवटी आला गजा. भाताच्या गिरणीत पोती उचलणारा, पाठ म्हणजे देवळाचा दरवाजा. तिसऱ्यांदा पाय टेकला आणि कुठंतरी 'कट्' वाजलं. सगळ्यांना वाटलं गजाची पाठ सुटली. गजालाही तसंच वाटलं. तो ताठ उठला आणि नियमाप्रमाणं मागं न बघता चालता झाला. मागं पोपट एका पायावर, दुसरा पाय हवेत, तोंड उघडं, अशा अवस्थेत राहिला. उसण त्याच्याच कमरेत भरली होती.

चौघांनी त्याला तसाच उचलून आत नेला. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी येऊन मलम दिलं आणि आठवडाभर पडून राहायला सांगितलं.

"सोमवारी मुंबईला जायचंय," पोपट म्हणाला.

"सोमवारी तुम्ही पाटावर बसलात तरी मिळवली," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

बायजाबाईनं विटा शेकल्या, आंबेहळदीचा लेप घातला, लेकाच्या उशाशी बसून डोळे पुसले. पण ते पुसताना तिचा चेहरा असा उजळला होता की बस्स. आपल्या दुखण्यावर आई एवढी खूश कधी झालेली पोपटनं पाहिली नव्हती. त्याला मात्र रात्री झोपायचं म्हटलं तरी पालथं, त्यामुळं आभाळ सोडाच, घराचं आढंसुद्धा दिसेना.

शुक्रवारी कोंडाजीमामा आला. मामा म्हणजे बायजाबाईचा थोरला भाऊ. याला जगातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय सुचे, आणि तो करून बघायला दुसऱ्याचं अंग लागे.

"पायाळूला पायाळूचीच लाथ पायजे," मामानं निकाल दिला.

"आता पायाळू कुठनं आनायचा?" बायजाबाई म्हणाली.

"आनायचा कशाला? गोठ्यात बांधलेला हाय की." मामानं म्हशीकडे बोट केलं. "रेडकू कसं जन्मतं? आदी पाय, मग डोकं. म्हंजे म्हस पायाळू. यकच नाय, जगातली समदी गुरं पायाळू."

यावर बायजाबाईनंसुद्धा मान डोलावली. पोपट मॅट्रिकला शास्त्र शिकला होता, पण माणूस अडला की शास्त्र काय करणार? मामानं त्याला धरून धरून गोठ्यात नेलं आणि म्हशीच्या मागं, तिच्याकडे पाठ करून, ओणवा उभा केला. ही म्हैस बायजाबाईखेरीज कोणालाही जवळ येऊ देत नसे. दूध काढायला बसलेल्या मामाला तिनं दोनदा बादलीसकट उडवला होता. पण त्या दिवशी तिच्या मनात काय आलं कोणास ठाऊक. तिनं मान वळवून पोपटकडे बघितलं, एक उसासा टाकला आणि रवंथ करत राहिली.

"हान की गं," मामा म्हणाला.

म्हैस हाणेना. मामानं चुचकारलं, शेपूट ओढली, शेवटी काठीनं ढोसलं. तेव्हा लाथ बसली, चांगली सणसणीत बसली, पण ती मामाच्या मांडीवर. मामा शेणात गेला. तिथूनच तो म्हणाला, "बघ, गुन हाय तिच्यात. नेम तेवढा नाय."

आता उपाय एकच उरला होता, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. तो बोलून दाखवायला मात्र कोणी तयार नव्हतं. संध्याकाळी घाटाकडे एक विमान गेलं. पोपटनं पालथ्या पालथ्याच मान वर करायची धडपड केली, कळ आली आणि तो उशीत तोंड खुपसून पडला. बायजाबाई हे दारातून बघत होती. लेकाचं एवढं मोठं शरीर असं मुकाट हुंदका गिळताना बघून तिचा विजेचा धाक थोडा बाजूला सरकला.

"दादा," ती भावाला म्हणाली, "सकाळच्याला गाडी जुंप. लोदिवलीला घिऊन जा त्येला."

गाडीत पेंढा घालून त्यावर पोपटला पालथा टाकला. चौक गावापर्यंतच्या रस्त्यात जेवढे खड्डे होते तेवढे त्यानं पोटानं मोजले. दुपारी गाडी भिवाजींच्या दारात उभी राहिली. ज्या ओटीवरून पानसुपारी टाकून सगळे उठले होते, त्याच ओटीवर आता ओणवं होऊन चढायचं होतं.

भिवाजी भला माणूस. त्यांना सगळं ऐकून कसंसंच झालं. "दुखनं घिऊन आलेल्याला नाय म्हनू नये," ते म्हणाले आणि त्यांनी आत हाक मारली.

सुंदरा बाहेर आली. पोपट वाकलेला, त्यामुळं त्याला तिची फक्त पावलं दिसली. पण दोन वर्षांत तो चेहरा विसरलाच नव्हता, म्हणून काही अडलं नाही.

"इमान लांब जातं का वो?" तिनं विचारलं.

"लांबच जातं."

"परत येतं?"

"येतं," पोपट म्हणाला. मग खोटं बोलवेना म्हणून पुढं म्हणाला, "बहुतेक येतं."

सुंदरानं पदर खोचला. पहिल्यांदा पाऊल टेकलं ते अगदी हलकं, पाण्यात टाकावं तसं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा मात्र ते टेकलं नाही. तिसऱ्यांदा ते बसलं! पोपट ओटीवरून उडाला तो थेट अंगणातल्या पेंढ्यात.

"अगं, मानूस हाय त्यो, भाताचा भारा नाय," भिवाजी ओरडले.

पोपट उठला आणि काय आश्चर्य, सरळ उठला. उसण गायब. मामानं आनंदानं मांडीवर थाप मारली आणि लगेच कळवळला, कारण म्हशीची लाथ बसलेली मांडी तीच होती. मागं ओटीवर सुंदरा उभी होती. पोपटला मागं बघावंसं इतकं वाटलं की मान दुखायला लागली. पण बघितलं तर उसण परत, आणि सोमवार तर तोंडावर आलेला. तो गाडीत चढून बसला. लोधिवली दिसेनाशी होईपर्यंत तो समोर बैलांच्या शिंगांकडे बघत होता, आणि त्याला शिंगं काही दिसत नव्हती.

सोमवारी तपासणी झाली ती अशी झक्क, की विचारू नका. नळीत फुंकून पारा वर धरायचा होता, तो पोपटनं असा धरला की गोऱ्या डॉक्टरनंच शेवटी 'पुरे' म्हटलं. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं होतं. हे तर पोपट लहानपणापासून करत आला होता. बाकीची पोरं डुलत होती, पडत होती. पोपट खांबासारखा उभा. डॉक्टर खूश झाला. म्हणाला, आता फक्त पाठ दाखव.

पोपट वळला. 

"हे काय आहे?" डॉक्टरनं इंग्रजीत विचारलं.

कमरेवर पाऊल उमटलं होतं. निळंजांभळं, टाचेपासून पाचही बोटांपर्यंत, एखाद्या चित्रकारानं काढावं तसं.

"पाय, सर," पोपट म्हणाला.

"कोणाचा?"

"एका मुलीचा, सर."

"तिनं लाथ का मारली?"

"या तपासणीसाठी, सर."

डॉक्टर मोठ्या डॉक्टरला बोलवायला गेला. दार लागताच तिथला शिपाई पुढं सरकला. हा होता माणगावकडचा, वाघ्या नावाचा. बोटं बघून त्यानं ओळखलं होतं.

"उसनीची लाथ ना वो? कुटं गावली पायाळू?"

"मी पन पायाळूच हाय," पोपट बोलून गेला. असल्या ठिकाणी गावाकडची भाषा ऐकून त्याला बरं वाटलं होतं.

वाघ्याचे डोळे चमकले. "महिना झाला, कंबर धरलीय माझी. सायेब यायच्या आत टेकवा की जरा. तीनदाच."

पोपटला नाही म्हणता येणं शक्यच नव्हतं. एवढ्या वर्षांत वाकलेल्या पाठीला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. वाघ्यानं टेबल धरलं, पोपटनं पाय उचलला, आणि दोन गोरे डॉक्टर दार उघडून आत आले. समोर कपडे काढलेला उमेदवार सरकारी शिपायाला मागून लाथ घालतोय. शिपाई म्हणतोय, "आजून यक."

त्यातही गंमत अशी, की तिसरा पाय टेकताच वाघ्या ताठ झाला आणि आभार न मानता, मागं न बघता, साहेबांच्या मधून चालत निघून गेला.

मोठा डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं पाठ दाबून बघितली, पोपट कळवळला. "सध्यापुरता अपात्र," तो म्हणाला. "मार बरा झाल्यावर या. आणि येताना कोणाला लाथ मारू नका, कोणाची खाऊ नका."

पोपट कर्जतला उतरला तेव्हा बायजाबाई फलाटावर होती. 'सध्यापुरता' हा शब्द तिला कळला नाही, 'अपात्र' तेवढा कळला. तिनं तिथल्या तिथं साखर वाटली. बुकिंग ऑफिसातल्या मंडळींनी साखर तोंडात टाकून मिशांची चौकशी केली.

बाजाराच्या दिवशी पोपट एकटाच लोधिवलीला गेला. सुंदरा खळ्यावर भात झोडत होती.

"तुमच्या पायानं मला आभाळातनं खाली ओढलं," तो म्हणाला. त्याला रागानं म्हणायचं होतं, पण राग काही वेळेवर येईना.

सुंदरानं हातातली पेंढी खाली ठेवली. "पाय नुसता टेकवायचा असतो. तुमाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक व्हतं."

"दुसऱ्यांदा टेकवला तवाच उसन सुटली व्हती. मला पायाला कळतं. मग उठला का नाय?"

पोपटकडे याला उत्तर होतं, पण ते खळ्यावर चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं. तो वाकलेला राहिला होता, कारण उठलं की संपलं. फक्त तिसरा पाय एवढा जोरात येईल याची कल्पना नव्हती.

"मला तुमाला घालवायचं नव्हतं," सुंदरा म्हणाली आणि पुन्हा पेंढी उचलून झोडायला लागली. दोन दाणे पोपटच्या डोळ्यात गेले, निदान त्यानं कारण तरी तेच सांगितलं.

पुढचं काम कोंडाजीमामानं केलं. तो भिवाजींच्या ओटीवर मांडी चोळत बसला आणि म्हणाला, "दोन पायाळू यका छपराखाली नको म्हनता ना? मग तुमच्या गोठ्यात म्हशी किती?"

"सात," भिवाजी म्हणाले.

"रेडकू जन्मताना आदी काय भाईर येतं?"

 भिवाजी उठले, गोठ्यात गेले आणि सातही म्हशींकडे कितीतरी वेळ बघत उभे राहिले. बाहेर आले ते घाम पुसत.

"कवा पडली का इज?" मामानं विचारलं.

"नाय," भिवाजी म्हणाले. "अजून तरी नाय." वैशाखातला मुहूर्त धरला.

मार बरा झाल्यावर पोपट पुन्हा मुंबईला गेला. सुंदरानंच त्याला पाठवलं. "जा," ती म्हणाली, "पन या बारीला मी पाय लावनार नाय. राखायचा असला तर येकदाच राखता येतो मानूस." पाठ साफ, पारा वर, एक पाय भक्कम. डॉक्टरांनी शिक्कामोर्तब केलं, पूर्ण पात्र! जागा निघाली की कळवतो, म्हणाले.

लग्न झालं. लढाई संपली. इंग्रज गेले. कळवायचं तेवढं राहून गेलं.

विमानं अजून येतात. घाटाशी नाक वर करतात. पोपट आता हेडक्लार्क आहे, तरी अजूनही कल्याणचं तिकीट मागणाऱ्याला मधूनच खोपोलीचं मिळतं. त्या दिवशी तो घरी येऊन अंगणात नुसताच बसतो.  सुंदराला कळतं, आणि तिलाही वाईट वाटतं. ढग गडगडले की बायजाबाई दोघांनाही माजघरात बसवते.

उसण भरली की सुंदरा पाय लावते. आता नुसता टेकवते, तीनदा, अगदी हलका. जोर लावायची आता गरज उरलेली नाही. आणि पोपट दर वेळी उठतो, दोन पावलं जातो आणि मागं वळून बघतो. त्याची उसण काही कायमची जात नाही, ती यामुळं.